ओल राखायची असते

पहाटे साडेपाच

चहाचं आधण ठेवायच्या आधी मी मागच्या खोलीत जाते. जुलै महिना, सावंतवाडीचा पाऊस, पागोळ्यांची धार अखंड चालू. या खोलीला पंखा नाही, खिडकीला जाड हिरवं कापड आहे आणि फळ्यांवर कडीच्या झाकणांचे प्लास्टिकचे डबे ओळीने मांडलेले आहेत. प्रत्येक डब्यात एकच घोण. देशावर जिला मोठी गोम म्हणतात तीच ही. दोघींना एकत्र ठेवता येत नाही, एक दुसरीला खाते.

विजेरीच्या काचेवर लाल जिलेटिन कागद बांधलेला असतो. पांढरा उजेड पडला की त्या क्षणात मातीत शिरतात, मंद लाल उजेडात तेवढ्या बिचकत नाहीत. आधी झाकणं बघायची. घोणीचं अंग चपटं, म्हणून डोकं शिरलं तिथून सगळी घोण बाहेर निघते. त्यामुळे हवेची भोकं तापवलेल्या सुईने पाडलेली, बारीक. गुळगुळीत प्लास्टिकवर तिला चढता येत नाही, पण मागच्या पायांवर उभी राहून ती कड गाठू शकते. म्हणून डब्याची उंची तिच्या लांबीपेक्षा चांगली जास्त हवी.

मग माती. चमच्याचा दांडा एका कोपऱ्यात खुपसून बघते, ओल किती खोलवर आहे ते कळतं. सगळा संसार या ओलीवर उभा आहे. बहुतेक कीटकांच्या अंगावर मेणाचा पातळ थर असतो, त्याने अंगातलं पाणी टिकतं. घोणीकडे असं संरक्षण फारच कमी, आणि श्वासाची छिद्रंही तिला घट्ट मिटता येत नाहीत. कोरड्या हवेत ती सुकत जाते आणि मरते. ती दगडाखाली राहते, रात्री बाहेर पडते, पावसाळ्यात जास्त दिसते, याचं कारण हेच. लोकांना वाटतं ती अंधारात दबा धरून बसलेली असते. खरं म्हणजे ती पाणी सांभाळत असते.

पण ओल म्हणजे चिखल नव्हे. माती गच्च भिजली की बुरशी धरते, आणि धुळीच्या कणाएवढे माइट पायांच्या सांध्यांत नि तोंडापाशी गोळा होतात. म्हणून वाडीतली माती वाळवून, चाळून, त्यात नारळाच्या सोडणाचा भुसा मिसळायचा. डब्याची एक बाजू ओली, दुसरी त्या मानाने कोरडी. मध्ये जांभ्याचा चपटा तुकडा, कोपऱ्यात करवंटीत पाणी. कुठे बसायचं ते तिचं तिने ठरवावं.

सात

आज खाऊ घालायचा दिवस. पूर्ण वाढलेल्या घोणीला आठवड्यातून एकदा पुरतं. झुरळं मी स्वतः वाढवते. ज्या घरांत फवारणी होते तिथली झुरळं कधी आणायची नाहीत, त्यांच्या अंगातलं विष घोणीपर्यंत पोचतं.

लांब चिमट्याने झुरळ आत सोडलं. घोण दगडाखालीच होती, फक्त मिशा बाहेर. झुरळाचा पाय एका मिशीला लागला आणि पुढचं इतक्या वेगात झालं की दरवेळी मला ते तुकड्यातुकड्यांतच दिसतं. अंगाचा पुढचा भाग झुरळावर, पायांच्या जोड्यांचा विळखा, डोक्याखालचे दोन विषारी आकडे आत रुतलेले. हे आकडे म्हणजे जबडा नव्हे, पायांची पहिलीच जोडी विषग्रंथींसकट अशी बदललेली आहे. झुरळ काही वेळ थरथरलं आणि थांबलं. मग तिने ते फिरवून घेतलं आणि मऊ भागापासून सावकाश खायला लागली.

मला आवडतं ते यानंतरचं. खाणं झाल्यावर ती एक मिशी तोंडाशी ओढून घेते आणि बुडापासून टोकापर्यंत स्वच्छ करते, मग दुसरी. त्यानंतर पाय, एकेक. प्रत्येक पाय वाकवून तोंडातून काढायचा, सोडायचा, पुढचा घ्यायचा. शेवटच्या जोडीपर्यंत जायचं तर तिला अंगाचं पूर्ण वळण करावं लागतं. एवढी निगुतीने आवराआवर करणाऱ्या प्राण्याला घाणेरडा म्हणतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

साडेआठ

शेजारच्या काकींची हाक. ‘‘गे बाय, न्हाणीत घोण इली हा, बेगीन ये!’’

‘‘काकी, गरम पाणी ओतू नको, इलंय मी.’’

पावसाचा जोर झाला की मातीतल्या फटी पाण्याने भरतात आणि घोणी उंच, सुक्या जागेच्या शोधात घरात शिरतात. न्हाणीच्या मोरीशी ती होती, चांगली बोटभर, तपकिरी-हिरवट पाठीची, पिवळसर पायांची. रुंद तोंडाची बरणी तिच्या पुढ्यात आडवी धरायची आणि मागून जाड पुठ्ठा हलकेच सरकवत न्यायचा. अंधारी जागा दिसली की ती आपणहून आत जाते. हात कुठेच लावायचा नाही. तिच्या मागच्या लांब पायांनाही डोकं समजून लोक चुकीच्या टोकाकडून पकडायला जातात.

काकींना दंशाची फार भीती, आणि ती निराधार नाही. दोन टोचल्याच्या खुणा उठतात, आग होते, सूज येते, वेदना काही तास आणि कधी दिवसभरही राहते. निरोगी मोठ्या माणसाचा जीव जाणं अत्यंत दुर्मीळ. मी त्यांना दरवेळी तेच सांगते: जागा साबणाने धुवायची, सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवायची, धनुर्वाताचं इंजेक्शन बाकी असेल तर घ्यायचं. चिरा देणं नाही, चोखणं नाही. धाप लागली, चेहरा किंवा घसा सुजला, चक्कर आली, तर थेट दवाखाना. आणि दंश लहान मुलाला झाला असेल तर वाट न बघता दवाखाना.

अकरा

बरणी घेऊन कॉलेजात. प्राणिशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाचं प्रात्यक्षिक होतं, ते सगळं बाजूला सारून मुलं सूक्ष्मदर्शकाभोवती जमली. घोणीला ओल्या स्पंजावर घेऊन वरून पारदर्शक काच अगदी हलकी टेकवायची. तिला इजा होत नाही आणि आपल्याला बघता येतं.

पाय मोजले: एकवीस जोड्या. काही घोणींना तेवीस असतात, अगदी थोड्यांना त्याहून पुष्कळ, पण पूर्ण वाढलेल्या घोणीत जोड्यांची संख्या विषमच येते. मराठीत आपण शतपाद म्हणतो, पण बरोबर शंभर पाय म्हणजे पन्नास जोड्या, आणि पन्नास ही सम संख्या. मुलांना हे फार आवडलं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार साधे डोळे. मग श्वासाची छिद्रं, कारण खरी ओळख तिथे पटते. लिनियसने १७५८ मध्ये नाव दिलेल्या स्कोलोपेंड्रा प्रजातीत सातव्या खंडावर छिद्र नसतं. हिला होतं. म्हणजे ऱ्हायसिडा किंवा एथमोस्टिग्मस. बाकीच्या खुणा तपासून ऱ्हायसिडा नक्की केली.

एका मुलाने विचारलं, मॅडम, हिच्यावर कोणी संशोधन करतं का? करतं, आणि आपल्याच डोंगरांत. जंगी आणि दास यांनी १९८४ मध्ये दख्खनच्या घोणींवर निबंध लिहिला, आजही तो उघडावा लागतो. २०१३ मध्ये जान्हवी जोशी आणि प्रवीण कारंथ यांनी सह्याद्रीतल्या डिजिटिपिस घोणींच्या जनुकांवरून एक मोठा प्रश्न धसाला लावला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर पसरत होते तेव्हा इथले जुने जीव गेले कुठे? या घोणींची वंशावळ सांगते की सह्याद्रीच्या दक्षिण टोकाला त्यांना आसरा मिळाला असावा, आणि ज्वालामुखी शांत झाल्यावर त्या पुन्हा उत्तरेकडे सरकल्या. ज्याला पाण्याशिवाय दूर जाता येत नाही, उडता येत नाही, अशाच प्राण्याच्या वंशावळीत जमिनीचा इतिहास इतका नीट टिकतो. मी हे सांगताना काचेखालची ऱ्हायसिडा मिशा हलवत होती आणि वर्ग गप्प होता.

दुपार

पेपर तपासणं, जेवण, हजेरीपट. यात सांगण्यासारखं काही नाही.

पाच

घरी आल्यावर पहिलं काम काळ्या कागदात गुंडाळलेल्या डब्याचं. आत आई आहे. अंडी घातल्यावर ती त्यांच्याभोवती अंगाचं वेटोळं करते, पोटाची बाजू आत, अंड्यांचा पुंजका सगळ्या पायांनी मातीपासून वर उचलून धरलेला. ती अंडी चाटत राहते, त्यामुळे त्यांच्यावर बुरशी धरत नाही. कित्येक आठवडे ती काही खात नाही. पिल्लं बाहेर येतात ती पांढुरकी, मऊ, पण पायांच्या सगळ्या जोड्या घेऊनच. पुढच्या काही काती पडेपर्यंत ती आईच्या वेटोळ्यातच राहतात.

तिला धक्का लागला, उजेड पडला, तर ती अंडी खाऊन टाकते किंवा सोडून जाते. म्हणून या डब्याचं झाकण उघडायचं नाही. कडेच्या भोकातून पिचकारीने थोडं पाणी मातीच्या बाजूने सोडायचं, बस. पिल्लं आली का, किती आली, बघायची इच्छा फार होते. बघत नाही. घोणी पाळायला घेणाऱ्याने सगळ्यात आधी हे न बघणं शिकावं असं माझं ठाम मत आहे. पिचकारी ठेवली, कागद नीट केला, दार ओढून घेतलं.

साडेआठ रात्री

पाऊस तासभर थांबलाय. हीच वेळ. गमबूट, डोक्यावरची बॅटरी, काठी, मोजपट्टी, वही. सोबत दोन विद्यार्थी. या कामाला एकट्याने जायचं नाही. आम्ही अभयारण्यात जात नाही. तिथून वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय पानही उचलायचं नसतं. गावाबाहेरचे दगडी गडगे, काजूच्या बागा, रस्त्यासाठी कापलेल्या जांभ्याच्या उभ्या भिंती, एवढी जागा पुष्कळ आहे.

निघण्याआधी सकाळची ऱ्हायसिडा काकींच्याच वाडीच्या टोकाच्या गडग्यात सोडली. दूर रानात नेऊन सोडलं की आपल्याला बरं वाटतं, पण तिला तिथल्या फटी, तिथलं पाणी, काहीच माहीत नसतं. काकींना मी हे आधी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, ‘‘गडग्यात ऱ्हवांदे. न्हाणीत नको.’’

दगड उचलायचा तो पलीकडची कड धरून, आपल्याकडे उचलत. म्हणजे दगड आपल्या आणि खालच्या जिवाच्या मध्ये राहतो. आमच्याकडे दगडाखाली फुरसंही असतं, त्यामुळे आधी काठी, मग हात. आणि बघून झालं की दगड जसा होता तसाच, त्याच खाचेत परत. दगडाखालची ओल जमायला महिने लागलेले असतात. उलटा टाकलेला दगड एका उन्हात तापतो आणि खालचं सगळं गोकूळ उठतं. मुलांना मी घोणीचं नाव चुकलं तर काही बोलत नाही, दगड चुकला तर बोलते.

जांभ्याच्या भिंतीवर खांद्याच्या उंचीला एक मोठी दिसली. पालीला धरलं होतं. पाल अजून शेपटी हलवत होती. आम्ही उजेड बाजूला वळवला, मोजपट्टी शेजारी धरून एकच फोटो घेतला. व्हेनेझुएलाच्या एका गुहेत फूटभर वाढणाऱ्या जातीच्या घोणी छतावरून लोंबकळत वटवाघळं धरताना नोंदल्या गेल्या, तो वृत्तांत २००५ साली छापून आला. तो वाचताना अविश्वसनीय वाटतो. भिंतीला मागच्या पायांनी घट्ट धरून राहिलेली ही घोण बघितल्यावर वाटत नाही.

अकरा

वहीत वेळ, जागा, हवा, दगड की झाड, काय खात होती, एवढं लिहिलं. फोटो नोंदीसाठी पाठवताना नेमकं ठिकाण झाकते. दक्षिण भारतातल्या काळ्या-नारिंगी पट्ट्यांच्या घोणीला, स्कोलोपेंड्रा हार्डविकीला, परदेशातल्या हौशी लोकांत मोठी मागणी आहे, आणि ठिकाण कळलं की गोळा करणारे पोचतात. माझ्याकडे ती नाही. विकत तर मी कुठलीच घेणार नाही. फळीवरच्या सगळ्या घरांत-मोऱ्यांत सापडलेल्या, नाहीतर मारल्या गेल्या असत्या अशा आहेत.

झोपायला जाताना फोनवर विद्यार्थ्याचा निरोप: ‘मॅडम, मला एक पाळायला मिळेल का?’

लिहिलं: ‘शनिवारी सकाळी सातला ये. डब्यांची माती बदलायची आहे. येताना वाळलेली सोडणं घेऊन ये, आणि फुलपँट घाल.’