यंत्रही दाखला मागते!

बालमित्रांनो, नव्या शाळेत नाव घालायचे म्हणजे जुन्या शाळेचा दाखला लागतो. त्यावर तुमचे नाव असते, जन्मतारीख असते आणि खाली मुख्याध्यापकांची सही व शिक्का असतो. समजा, एखाद्या मुलाने स्वतःच दाखला लिहून खाली स्वतःचीच सही केली, तर कारकून काय म्हणतील? "बाळ, तू खरे बोलत असशील, पण मी ते कशावरून मानू?"

नेमका हाच प्रश्न तुमच्या घरातला फोन विचारीत असतो. हल्ली काही घरांत छायाचित्रे व कागदपत्रे जपून ठेवण्यासाठी एक छोटा साठवण-संगणक असतो. फोनने नवे छायाचित्र काढले की त्याची प्रत आपोआप तिकडे जाते. यालाच 'सिंक' म्हणतात. पण एके दिवशी हे काम थांबते आणि पडद्यावर सूचना येते : 'सुरक्षा प्रमाणपत्र विश्वसनीय नाही.' घाईघाईने आपण 'तरीही पुढे चला' हे बटण दाबायला जातो. थांबा! आधी सूचनेचा अर्थ पाहू.

दाखला हवाच कशाला?

फोन आणि साठवण-संगणक सांकेतिक लिपीत बोलतात. वाटेत कोणी चोरून ऐकले तरी त्याला काही उमगत नाही. पण चोराने साठवण-संगणकाचेच सोंग घेतले तर? मग तुमचा पासवर्ड थेट त्याच्याच हाती पडेल! म्हणून फोन आधी दाखला मागतो. त्यात संगणकाची 'जाहीर किल्ली' असते. तिची जोडीदार 'गुप्त किल्ली' मात्र फक्त त्या संगणकाजवळ असते. त्यामुळे नुसती दाखल्याची नक्कल करून चोराचे भागत नाही. फोन तीन गोष्टी तपासतो : सही, नाव आणि मुदत.

सही कोणाची?

दाखल्यांवर सही करणाऱ्या मान्यवर संस्थांची यादी फोनमध्ये आधीच भरलेली असते. मग त्यांचीच सही का घेऊ नये? कारण घरातल्या संगणकाचा पत्ता बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. हे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. १९२.१६८.१.१० हा पत्ता तुमच्या घरी असेल आणि शेजाऱ्यांकडेही असेल! जो पत्ता असंख्य घरांचा, त्याची हमी कोण देणार? म्हणून घरचा संगणक स्वतःच्या दाखल्यावर स्वतःच सही करतो.

असा दाखला खोटा नसतो. त्याला फक्त साक्षीदार नसतो. आणि तो साक्षीदार तुम्ही होऊ शकता, कारण संगणक तुमच्या घरातच आहे. प्रत्येक दाखल्याचा गणिताने काढलेला एक 'ठसा' असतो. 'एसएचए-२५६' या पद्धतीने काढलेला ठसा ६४ चिन्हांचा असतो. त्यात ० ते ९ हे अंक आणि ए ते एफ ही इंग्रजी अक्षरे येतात. दाखल्यात एक अक्षर बदलले तरी ठसा पार बदलतो. मोठ्यांच्या मदतीने साठवण-संगणकाला पडदा जोडा, ठसा कागदावर उतरवा आणि फोनवरच्या ठशाशी चिन्हागणिक पडताळा. जुळला तरच 'विश्वास ठेवा' म्हणा.

नाव आणि मुदत

दाखल्यावर नाव एक आणि तुम्ही हाक मारता दुसऱ्याच नावाने, तरी फोन अडतो. अशा वेळी दाखल्यावरचेच नाव वापरा, किंवा नाव व पत्ता दोन्ही घालून नवा दाखला काढा. राउटर संगणकाचा पत्ता अधूनमधून बदलीत असेल, तर तो कायमचा नेमून द्या.

मुदत संपली असेल तरीही नवा दाखला काढावा लागतो. पण त्याआधी घड्याळ पाहा! जुन्या संगणकातली बटणाएवढी बॅटरी संपली की तो कित्येक वर्षे मागची तारीख दाखवू लागतो. मग आजचा चांगला दाखलाही त्याला 'अजून सुरू न झालेला' वाटतो. तारीख दुरुस्त केली की तक्रार मिटते.

सूचना झटकू नका

२०११ साली इराणमधील एका माणसाला जीमेल उघडताना अशीच सूचना दिसली. त्याने ती झटकून टाकली नाही. तो दाखला त्याने जपून ठेवला आणि इतरांना दाखवला. चौकशीत उघड झाले, की नेदरलँड्समधील 'डिजिनोटार' या दाखले देणाऱ्या कंपनीच्या संगणकांत घुसून कोणी तरी गूगलच्या नावाचा खोटा दाखला बनवला होता. त्याच वर्षी त्या कंपनीचे दिवाळे निघाले.

तेव्हा मित्रांनो, काल जुळलेला ठसा आज अचानक बदलला, तर आधी घरात विचारा : "नवा दाखला कोणी काढला का?" उत्तर 'नाही' आले, तर पासवर्ड मुळीच देऊ नका. फोनने प्रश्न विचारला, तर त्याला गप्प बसवू नका. त्याचे उत्तर शोधा.