पंचनाम्यानंतरचं घर : आपत्ती आणि मनाचा आधार

मी डॉक्टर आहे तो तत्त्वज्ञानाचा. गोळी लिहून देणारा नव्हे. विषय मनाच्या आरोग्याचा आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो.

काही वर्षांपूर्वी तेंदूपत्त्याच्या दिवसांत चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका गावी गेलो होतो. पानं तोडायला गेलेल्या एका बाईला वाघानं मारलं होतं. तिच्या नवऱ्याला मी विचारलं, "नेमकं झालं कसं?" तो म्हणाला, "सर, तुम्ही सातवे. पोलिसांना सांगितलं, वनखात्याला सांगितलं, तलाठ्याला, डॉक्टरला, पेपरवाल्याला, पुढाऱ्याला. आता तुम्हाला सांगतो." आणि सांगितलंही त्यानं. आम्हा सातांपैकी पुन्हा त्या घरी कोणीच गेलं नाही. मीही नाही.

आपत्ती म्हटलं की किल्लारी आठवते. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. एका धक्क्यात गावंच्या गावं गेली आणि मदतीला देश धावला. आपल्याकडे आपत्ती हप्त्याहप्त्यानं येते. वाघ एका वेळी एका घरावर येतो. पर्लकोटेचा पूर पावसाळा आला की भामरागडचा रस्ता तोडतो. २०२० च्या ऑगस्टअखेर गोसीखुर्दचं पाणी सुटलं, तेव्हा वैनगंगेकाठची गावं बुडाली. धान गेलं, घरं गेली. पाणी ओसरलं की बातमीही ओसरते. माणूस मात्र रात्री पावसाचा आवाज आला तरी उठून बसतो.

आता, याला आजार म्हणायचं का? माझं उत्तर आहे, घाईनं म्हणू नका. बायको गेली आणि झोप उडाली, हे दुःख आहे. दुःख होणं हे मन शाबूत असल्याचंच लक्षण. बहुतेक माणसं आपल्या माणसांच्या आधारानं हळूहळू उभी राहतात. पण तो आधार जागेवर पाहिजे.

संयुक्त राष्ट्रांच्या आणि इतर मदतसंस्थांनी मिळून २००७ साली या विषयावर मार्गदर्शिका काढली. तिच्यात चार थर सांगितलेत. तळाशी अन्न, निवारा, सुरक्षितता. त्यावर कुटुंब आणि गाव. मग थोडं प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्याचा आधार. आणि अगदी वर, थोड्यांसाठी, मनोविकारतज्ज्ञ. आपण काय करतो? तळ कच्चा ठेवतो आणि वरून एक दिवसाचं समुपदेशन शिबिर लावतो. भरपाईचा कागद अडलेला, पोराचा शाळेचा दाखला पुरात वाहून गेलेला, आणि आपण त्याला सांगतो, दीर्घ श्वास घ्या!

म्हणून समन्वय म्हणजे निव्वळ बैठक नव्हे. माझ्या मते त्याच्या तीन साध्या कसोट्या आहेत.

पहिली : माणसाला आपली कथा शक्यतो एकदाच सांगावी लागावी. एकानं नीट लिहून घ्यावं, बाकीच्या खात्यांनी तेच वापरावं. आणि "काय झालं ते सांगाच" असा आग्रह कोणीही धरू नये. जखम उकरून काढणं म्हणजे मन मोकळं करणं नव्हे.

दुसरी : एकच ओळखीचं माणूस पुन्हा पुन्हा यावं. आशाताई असेल, शिक्षक असेल, गावचा पुजारी असेल. माडिया आजीशी तिच्या बोलीत बोलणारं कोणी असावं. महिन्याभरानंतरही झोप नाही, शेतात पाऊल टाकवत नाही, दारू वाढली, "मीच तिला पाठवलं" हे सुटत नाही, तर त्याच माणसानं प्राथमिक आरोग्य केंद्रात, तिथून जिल्हा रुग्णालयात सोबत न्यावं. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा कानावर आली, तर मात्र एक दिवसही थांबू नये. १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, पैसे लागत नाहीत.

तिसरी : जे आधीपासून आजारी आहेत त्यांची यादी पावसाळ्याआधी व्हावी. फिट्सची, मनाच्या आजाराची गोळी एकदम बंद पडणं फार वाईट. पूल बुडायच्या आधी गोळ्या नदीपलीकडे पोचलेल्या असाव्यात.

यात खर्च फारसा नाही. कठीण आहे ते परत जाणं. मदतीचा धनादेश एकदा देता येतो, सोबत मात्र पुन्हा पुन्हा द्यावी लागते.

त्या घराकडे मी गेलो अखेर, दोन वर्षांनी. काही विचारलं नाही. त्यानं खाट टाकली, चहा झाला. बराच वेळ धानाच्या भावावर बोललो. निघताना म्हणाला, "येत जा सर."

एवढंच. आता तुमचे प्रश्न घेऊ.