अर्धशिशी आणि नूडल्स

‘डॉक्टर, चायनीज खाल्लं की अर्धं डोकं ठणकतं,’ अशी तक्रार मुखेडातही आता नेहमी ऐकू येते. दोष अर्थातच अजिनोमोटोचा! जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली समुद्रवनस्पतीतून शोधलेले ग्लुटामेट ते हेच. पिकलेल्या टोमॅटोतही ते असतेच. त्याने अर्धशिशी उठते हे संशोधनातून ठामपणे सिद्ध झालेले नाही. तरीही ज्यांना त्रास होतो त्यांनी ते टाळावे. माझ्या रुग्णांत खरा दोषी बहुधा वेगळाच निघतो. दुपारचे जेवण चुकवायचे, उन्हात हिंडायचे आणि रात्री उपाशीपोटी गाड्यावर उभे राहायचे.

अर्धशिशी म्हणजे अ‍ॅलर्जी नव्हे. खाल्ल्यावर अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, धाप लागली तर ती अ‍ॅलर्जी. अशा वेळी तत्काळ रुग्णालय गाठावे.

सोया सॉसमध्ये सोयाबीनबरोबर बहुधा गहूही असतो. ज्यांना हे किंवा शेंगदाणे चालत नाहीत, त्यांनी घरीच करावे. पाकिटावरचे घटक वाचून तांदळाच्या शेवया आणाव्यात, उकळत्या पाण्यात शिजवून निथळाव्यात. करडईच्या तेलात लसूण, आले, गाजर, कोबी परतून शेवया घालाव्यात. मीठ बेताने, मिरपूड आणि वरून लिंबू. (लिंबूही बाधत असेल तर आमसूल.) सॉस नको, कूट नको. आपल्या भागात कुटाशिवाय हात थांबत नाही, म्हणून सांगतो.

डोके दुखले की तारीख, आदल्या दिवशीचे जेवण, झोप आणि स्त्रियांनी पाळीचा दिवस वहीत लिहावा. महिन्याने ती वही डॉक्टरांकडे न्यावी.