मोटारसायकलचा परवाना : शिकाऊ ते पक्का

मोटारसायकल शिकण्याआधी शिकाऊ परवाना काढावा लागतो. वय 18 पूर्ण हवे. शिक्षणाची अट नाही. चाळिशी ओलांडली असेल तर डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडा.

'सारथी' संकेतस्थळावर अर्ज भरताना वाहनाचा प्रकार नीट पाहा. 'गिअर नसलेली' हा पर्याय निवडला, तर त्या परवान्यावर मोटारसायकल चालवता येत नाही. शिकाऊ परवान्याचे केंद्रीय शुल्क एका प्रकारासाठी 150 रुपये, चाचणीचे 50. काही राज्ये त्यावर आणखी आकार घेतात. दलालाची गरज नाही.

हा परवाना 6 महिने चालतो. पक्क्या परवान्याची चाचणी 30 दिवसांनंतरच देता येते, म्हणून तारीख वेळेत घ्या. मुदत टळली की पुन्हा पहिल्यापासून अर्ज. तोवर गाडीला पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल 'एल' लावा. मागे फक्त परवाना असलेला शिकवणारा बसू शकतो. घरच्यांना बसवून बाजारात जाणे नियमात बसत नाही.

चाचणीला गाडी, तिचा विमा आणि पीयूसी सोबत न्या. नापास झालात तर 7 दिवसांनी पुन्हा चाचणी देता येते. परवान्याविना गाडी चालवल्यास दंड 5,000 रुपये आहे.