महाशीरची ओळख पटविणारा मातृवंशीय जनुकसंच

कावेरी नदीत एके काळी दीड मीटर लांबीचा, ४५ किलोहून अधिक वजनाचा आणि पाठीवर ठळक उंचवटा असलेला महाशीर मासा आढळत असे. ब्रिटिश अमदानीपासून त्याची कीर्ती सर्वदूर पसरली होती. मात्र या माशाचे शास्त्रीय नाव कोणते, याचे निर्विवाद उत्तर २०१८ पर्यंत कोणापाशीही नव्हते. त्या वर्षी भारतीय आणि ब्रिटिश संशोधकांच्या एका गटाने शरीररचना व डीएनए या दोहोंची सांगड घालून तो प्रश्न सोडविला. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील (आयसर) नीलेश डहाणूकर त्या गटात होते. कावेरीतील हा मासा म्हणजे २००७ मध्ये केरळातील पांबार नदीतून वर्णिलेला ‘टॉर रेमादेवी’ होय, असे त्यांनी दाखवून दिले. नाव निश्चित होते न होते तोच जागतिक लाल यादीत त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ अशी झाली.

या ऱ्हासाचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत येतो. लोणावळ्याजवळील वळवण येथे टाटा वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून निळ्या पराच्या महाशीरचे, म्हणजे ‘टॉर खुद्री’चे, प्रजनन करून त्याची बोटुकली अनेक राज्यांतील जलाशयांना पुरविली. हेतू उत्तम होता आणि त्या जातीला त्याचा लाभही झाला. परंतु कावेरीत सोडलेली बोटुकली तेथे इतकी फोफावली की मूळच्या उंचवट्याच्या महाशीरला जागा उरली नाही, असे संशोधकांचे मत आहे. धरणे, वाळूउपसा आणि सुरुंग लावून होणारी मासेमारी ही कारणे आहेतच. पण त्यांच्या जोडीला ‘महाशीर म्हणजे महाशीर’ ही समजूतही नडली.

‘खुद्री’ हे नाव मराठी मुलखातलेच. मुंबई सरकारच्या सेवेतील कर्नल विल्यम सायक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याच्या पूर्वेस वाहणाऱ्या मुळा-मुठेतील माशाचे वर्णन करताना स्थानिक नाव तसेच ठेवले. त्यांनीच वर्णिलेल्या ‘मुसुल्ला’ या दुसऱ्या दख्खनी माशाचे नाव पुढे कित्येक वर्षे चुकून कावेरीतील महाशीरला चिकटले होते. मुसुल्ला मुळात महाशीरच नव्हे, हे २०१३ मध्ये स्पष्ट झाले. खवले मोजून आणि ओठांची ठेवण पाहून ठरविलेली ओळख किती डळमळीत असू शकते, याचा याहून बोलका दाखला क्वचितच सापडेल. एकाच जातीच्या महाशीरचे ओठसुद्धा सर्व माशांत सारखे नसतात.

येथे मदतीस येते ती तंतुकणिका, अर्थात मायटोकाँड्रिया. पेशीला ऊर्जा पुरविणाऱ्या या सूक्ष्म घटकाजवळ केंद्रकाहून वेगळा असा स्वतःचा छोटा, वर्तुळाकार डीएनए असतो. माशांमध्ये त्याची लांबी साधारणपणे साडेसोळा हजार अक्षरांची असते. त्यात ३७ जनुके असतात: १३ प्रथिनांची, २२ वाहक आरएनएची आणि २ रायबोसोमी आरएनएची. यांखेरीज एक नियंत्रक पट्टा असतो. त्यात कोणत्याही प्रथिनाची माहिती नसल्यामुळे तेथे बदल लवकर साचतात आणि एकाच जातीतील दोन नद्यांच्या वंशांमधला फरकही टिपता येतो. माणसाचा असा संपूर्ण क्रम १९८१ मध्ये, तर ‘कार्प’ माशाचा १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला.

महाशीरच्या बाबतीत या छोट्या संचाचे मोल आणखी वाढते. बहुतेक कार्प मत्स्यांत ५० गुणसूत्रे असतात, महाशीरमध्ये मात्र १००. त्याच्या पूर्वजांत कधीतरी संपूर्ण जनुकसंच दुणावला, त्यामुळे केंद्रकातील एकेका जनुकाच्या जवळपास सारख्याच अनेक प्रती आढळतात आणि वाचताना गोंधळ उडतो. तंतुकणिकेचा डीएनए त्या मानाने सरळ आहे: तो केवळ आईकडून येतो आणि त्याची सरमिसळ होत नाही. शिवाय एकेका पेशीत त्याच्या प्रचंड संख्येने प्रती असल्यामुळे अल्कोहोलमध्ये जपलेल्या जुन्या नमुन्यातूनही तो पुष्कळदा हाती लागतो.

हिमालयातील थंड पाण्याच्या माशांवर उत्तराखंडमधील भीमताळ येथील शीतजल मत्स्य संशोधन संस्थेने याच पद्धतीने काम केले आहे. सोनेरी महाशीर आणि ‘स्नो ट्राउट’ यांच्या तंतुकणिकीय जनुकसंचाचे संपूर्ण क्रम तेथील शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले. नावात ट्राउट असला तरी हा दुसरा मासा ट्राउट नव्हेच. तो कार्पच्या कुळातला, अस्सल हिमालयीन. खरा ट्राउट इंग्रजांनी काश्मीरमध्ये आणून सोडला. थंड पाण्यात रासायनिक क्रिया मंदावतात, तरीही हृदय आणि स्नायू चालते ठेवावे लागतात. म्हणून ऊर्जानिर्मितीची १३ प्रथिने घडविणाऱ्या या जनुकांतील बदल थंडीशी जुळवून घेण्याच्या दृष्टीनेही अभ्यासले जातात.

या तंत्राची मर्यादाही तितकीच ठळक आहे. डीएनए केवळ आईचा असल्यामुळे मादी ‘खुद्री’ आणि नर ‘रेमादेवी’ यांचे संकरित पिल्लू तंतुकणिकेच्या कसोटीवर निखळ खुद्रीच ठरते. कावेरीसारख्या नदीत, जेथे दोन्ही जाती एकत्र नांदल्या, तेथे हा दोष गौण नव्हे. संकर ओळखायचा तर केंद्रकातील जनुकांचे ते किचकट काम टाळता येत नाही. दुसरी अडचण नमुन्यांची. सार्वजनिक संग्रहात ठेवलेला क्रम कोणत्या माशाचा, तो मासा कोठे पकडला आणि कोणत्या संग्रहालयात जपला, याची नोंद नसेल तर एका चुकीच्या नावाने पुढील कित्येक ओळखी चुकतात. जुन्या नोंदींतील नावे म्हणूनच तपासून घ्यावी लागतात. ज्या नदीतून जातीचे पहिले वर्णन झाले, तेथील मासा या कामी सर्वांत विश्वसनीय. पण आजच्या मुळा-मुठेचे पाणी पाहता तो मिळविणे सोपे राहिलेले नाही.

महाराष्ट्रात तरीही काही डोह शिल्लक आहेत. महाडजवळील वाळणकोंड येथे वरदायिनी देवीचे मासे म्हणून गावकऱ्यांनी महाशीर पिढ्यान्‌पिढ्या राखले आहेत. तेथे गळ टाकण्याची कोणाची छाती होत नाही. बाहेरून बोटुकली न सोडलेल्या अशा डोहांतील वंश हा तुलनेसाठी मोलाचा ठेवा ठरतो. त्याची नोंद करण्यासाठी देवीचा मासा मारावा लागत नाही. पराच्या टोकाचा नखाएवढा तुकडा पुरतो. तो अल्कोहोलच्या कुपीत ठेवायचा आणि मासा पुन्हा डोहात सोडून द्यायचा.