स्थानिक नभोवाणी आणि मालकीचे केंद्रीकरण : अमेरिकेचा अनुभव

जमीन, पाणी व खनिजे यांप्रमाणे ध्वनिक्षेपणासाठी वापरल्या जाणाऱ्या विद्युतचुंबकीय लहरी हीदेखील मर्यादित नैसर्गिक संपत्ती आहे. एकाच परिसरात एकाच वारंवारतेवर दोन केंद्रे बोलू लागली, तर श्रोत्याला दोहोंपैकी एकही नीट ऐकू येत नाही. म्हणून कोणी, कोठून आणि किती शक्तीने प्रक्षेपण करावे, हे ठरविण्याचा अधिकार जगभर शासनसंस्थेकडे सोपविण्यात आला आहे. परवाना कोणाला द्यावयाचा, हा त्यातील पहिला प्रश्न. एका कंपनीला असे किती परवाने घेता यावेत, हा दुसरा. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बदलले की गावोगावच्या नभोवाणीचे काय होते, याचे सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेत पाहावयास मिळते.

लोकहिताची अट

अमेरिकेत १९२७ च्या रेडिओ कायद्याने आणि त्यानंतर १९३४ च्या दळणवळण कायद्याने ध्वनिक्षेपणाची चौकट घालून दिली. १९३४ च्या कायद्यान्वये संघीय दळणवळण आयोग (एफ.सी.सी.) स्थापन झाला. आपल्याकडील आकाशवाणीप्रमाणे तेथे नभोवाणी सरकारी मालकीची नव्हती. केंद्रे प्रामुख्याने खाजगी होती व जाहिरातींवर चालत. परंतु परवाना देताना 'लोकहित, सोय आणि गरज' ही कसोटी लावण्यात येई. परवानाधारक हा लहरींचा मालक नसून ठराविक मुदतीचा विश्वस्त आहे, हे त्यामागील तत्त्व होते.

या तत्त्वातून दोन प्रकारचे नियम निर्माण झाले. पहिला प्रकार स्थानिकतेचा. प्रत्येक परवाना विशिष्ट गावाच्या वा शहराच्या नावे दिला जाई आणि केंद्राचा मुख्य स्टुडिओ त्या परिसरात असणे बंधनकारक होते. दुसरा प्रकार मालकीवरील मर्यादेचा. १९५३ पासून एका मालकाला देशभरात ए.एम. व एफ.एम. प्रत्येकी सात केंद्रांपेक्षा अधिक केंद्रे बाळगता येत नसत. १९८४ मध्ये ही मर्यादा प्रत्येकी बारा आणि १९९४ पर्यंत प्रत्येकी वीस झाली. मर्यादा सैल करण्यास आर्थिक कारण होते. १९८० च्या दशकात नव्या एफ.एम. केंद्रांची मोठी भर पडली, जाहिरातींचे उत्पन्न अधिक वाटेकऱ्यांत विभागले गेले आणि अनेक लहान केंद्रे तोट्यात गेली. केंद्रे एकत्र आल्यास खर्च वाचेल व ती तग धरतील, असा युक्तिवाद त्यामुळे प्रभावी ठरला.

१९९६ चा कायदा

८ फेब्रुवारी १९९६ रोजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी दूरसंचार कायद्यावर स्वाक्षरी केली. या कायद्याने नभोवाणी केंद्रांच्या मालकीवरील राष्ट्रीय मर्यादा पूर्णपणे रद्द केली. केवळ स्थानिक मर्यादा शिल्लक राहिली आणि तीही सैल झाली. ज्या क्षेत्रात ४५ वा अधिक केंद्रे असतील तेथे एका कंपनीला आठ केंद्रे, तर १४ वा त्याहून कमी केंद्रे असलेल्या लहान क्षेत्रात एकूण केंद्रांच्या निम्म्यापेक्षा जास्त होणार नाहीत अशा रीतीने पाचपर्यंत केंद्रे घेण्यास मुभा मिळाली.

परिणाम वेगाने दिसून आला. आयोगाच्याच आढाव्यानुसार १९९६ ते २००२ या सहा वर्षांत व्यावसायिक केंद्रांची संख्या किंचित वाढली, मात्र मालकांची संख्या सुमारे ५,१०० वरून सुमारे ३,४०० वर आली. टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या क्लिअर चॅनल या कंपनीकडे कायद्यापूर्वी सुमारे ४० केंद्रे होती. काही वर्षांतच ती बाराशेहून अधिक झाली. विद्यार्थ्यांनी येथे एक भेद लक्षात घ्यावा. केंद्रांची संख्या आणि स्वतंत्र आवाजांची संख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली वाढत असताना दुसरी घटू शकते.

स्थानिकता कशी घटते ?

या घटीमागे साधे अर्थशास्त्र आहे. निवेदक, वार्ताहर आणि स्टुडिओ यांवरील खर्च श्रोते थोडे असोत वा पुष्कळ, जवळजवळ तेवढाच राहतो. एकच कार्यक्रम शंभर गावांत ऐकविला, तर तो खर्च शंभर ठिकाणी विभागला जातो. संगणकामुळे हे सहज शक्य झाले. दूरच्या शहरातील निवेदक आपला आवाज आगाऊ ध्वनिमुद्रित करतो, मध्ये गावाचे नाव वा हवामानाचा उल्लेख पेरतो आणि निवेदक आपल्याच गावात बसला आहे, असे श्रोत्याला वाटते. यालाच 'व्हॉइस ट्रॅकिंग' म्हणतात. गाण्यांची निवडही मुख्यालयातून होऊ लागते. परिसरातील गायक, शाळेतील सामने, नगरपालिकेची सभा, शेतमालाचे भाव यांना जागा उरत नाही, कारण त्यांचे मोल त्या एका गावापुरतेच असते.

दुसरे कारण कर्जाचे आहे. केंद्रांची खरेदी मोठ्या प्रमाणावर उसनवारीच्या पैशांतून झाली. २००८ मध्ये क्लिअर चॅनल दोन गुंतवणूक संस्थांनी कर्ज उभारून ताब्यात घेतली. २०१४ मध्ये तिचे नाव आयहार्टमीडिया झाले आणि मार्च २०१८ मध्ये सुमारे २० अब्ज डॉलरच्या कर्जाखाली तिने दिवाळखोरी कायद्यान्वये संरक्षण मागितले. क्युम्युलस ही दुसरी मोठी कंपनी नोव्हेंबर २०१७ मध्ये आणि ऑडेसी ही तिसरी जानेवारी २०२४ मध्ये त्याच मार्गाने गेली. व्याजाचा हप्ता चुकविता येत नाही. निवेदक व वार्ताहर मात्र कमी करता येतात. आकारमान वाढविल्याने केंद्रे सुरक्षित होतील, ही १९९६ मधील अपेक्षा त्यामुळे पूर्ण झाली नाही.

मायनॉटची रात्र

या बदलाचा अर्थ एका घटनेने स्पष्ट केला. १८ जानेवारी २००२ रोजी पहाटेपूर्वी नॉर्थ डकोटा राज्यातील मायनॉट शहरालगत मालगाडीचे ३१ डबे रुळांवरून घसरले. टाक्या फुटून निर्जल अमोनिया वायूचा ढग वस्तीकडे सरकला. एक रहिवासी मृत्युमुखी पडला आणि तीनशेहून अधिक जण जखमी झाले. घरातच थांबावे, दारे-खिडक्या बंद कराव्यात, ही सूचना लोकांपर्यंत पोहोचणे अत्यावश्यक होते. कडाक्याच्या थंडीत, अनेक घरांतील वीज गेलेली असताना बॅटरीवर चालणारा रेडिओ हेच त्याचे स्वाभाविक साधन होते.

शहरातील सहाही व्यावसायिक केंद्रे तेव्हा एकाच कंपनीच्या मालकीची होती. आपत्कालीन सूचनेची यंत्रणा वेळेवर कार्यान्वित झाली नाही आणि केंद्राशी दूरध्वनीने संपर्क साधणे पोलिसांना जमले नाही. ही यंत्रणा वापरण्याची पूर्वतयारी पोलिसांकडे नव्हती, असे कंपनीचे म्हणणे होते. दोष नेमका किती कोणाचा, याबाबत मतभेद राहिले. तरीही सहा केंद्रे सहा मालकांची असती, तर दार ठोठावण्यासाठी सहा जागा असत्या, हा मुद्दा शिल्लक राहतो. या घटनेचा उल्लेख पुढे मालकीविषयक चर्चांमध्ये वारंवार झाला.

दुसरी बाजू

केंद्रीकरणाच्या बाजूनेही काही म्हणता येते. अर्थशास्त्रज्ञ पीटर स्टायनर यांनी १९५२ मध्येच दाखवून दिले होते की, प्रतिस्पर्धी केंद्रे बहुसंख्यांच्या आवडीचा एकसारखाच कार्यक्रम देण्याकडे झुकतात. उलट अनेक केंद्रांचा एकच मालक स्वतःशीच स्पर्धा टाळण्यासाठी वेगवेगळे कार्यक्रम देईल. शिवाय इंटरनेटने जाहिराती व श्रोते दोन्ही ओढून घेतले असून, त्याचा दोष मालकीच्या नियमांवर टाकता येणार नाही. हे मुद्दे दुर्लक्षिण्यासारखे नाहीत. तथापि, स्टायनर यांचा युक्तिवाद कार्यक्रमांच्या प्रकारांविषयी आहे. आठ केंद्रांवर आठ प्रकारचे संगीत मिळाले, तरी गावातील पुराची बातमी एकाही केंद्रावर नसेल, असे होऊ शकते.

धोरणाचा कल पुढेही सैलपणाकडेच राहिला. मुख्य स्टुडिओ स्थानिक परिसरात असण्याची अट आयोगाने ऑक्टोबर २०१७ मध्ये रद्द केली. याउलट दिशेचा प्रयत्न म्हणजे कमी शक्तीची एफ.एम. सेवा. जानेवारी २००० मध्ये आयोगाने १०० वॅटपर्यंतच्या ना-नफा केंद्रांना वाट मोकळी केली. मोठ्या प्रसारकांच्या विरोधामुळे संसदेने त्याच वर्षी तिच्यावर निर्बंध घातले. जानेवारी २०११ मध्ये संमत झालेल्या कायद्याने ते बऱ्याच अंशी दूर झाले.

भारतासाठी बोध

भारतात ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगाल खटल्यात लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी लिहिलेल्या निकालपत्राचा आशय असा की, या मालमत्तेचा वापर शासनाची वा धनिकांची मक्तेदारी होऊ नये. २००१ मध्ये बंगळूरू येथे पहिले खाजगी एफ.एम. केंद्र सुरू झाले. २०११ च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणात एका कंपनीकडे देशातील एकूण वाहिन्यांपैकी १५ टक्क्यांहून अधिक आणि एका शहरातील ४० टक्क्यांहून अधिक वाहिन्या असू नयेत, अशी मर्यादा होती. त्याच धोरणाने कंपनीला आपला एकच कार्यक्रम देशभरातील स्वतःच्या वाहिन्यांवरून ऐकविण्याची परवानगीही दिली. ऑक्टोबर २०२२ मध्ये १५ टक्क्यांची राष्ट्रीय मर्यादा काढून टाकण्यात आली. ऑगस्ट २०२४ मध्ये २३४ नव्या शहरांतील ७३० वाहिन्यांच्या लिलावास मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. यांतील बरीच शहरे लहान आहेत; मायनॉटचा धडा तेथेच अधिक लागू पडतो. आपल्या खाजगी वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, परंतु हवामान, पाणी व वीजपुरवठा, नैसर्गिक आपत्ती, परीक्षा व रोजगार यांविषयी माहिती देण्याची मुभा आहे. ती माहिती देणारा माणूस त्या शहरात असेल काय, हा कळीचा प्रश्न आहे.

दुसरा आधार सामुदायिक नभोवाणीचा आहे. डिसेंबर २००२ मध्ये शैक्षणिक संस्थांना आणि नोव्हेंबर २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांनाही असे केंद्र चालविण्याची संधी मिळाली. १०० वॅट शक्तीच्या या केंद्रांवरील किमान निम्मा कार्यक्रम स्थानिक पातळीवर तयार झालेला असणे आवश्यक आहे. २००८ मध्ये सुरू झालेले माचनूर येथील दलित महिलांचे संघम रेडिओ आणि सातारा जिल्ह्यातील म्हसवडचे माणदेशी तरंग ही त्याची परिचित उदाहरणे. देशातील अशा केंद्रांची संख्या आता पाचशेहून अधिक आहे. व्याप्ती व उत्पन्न दोन्ही मर्यादित असल्याने ती व्यावसायिक वाहिन्यांची जागा घेऊ शकत नाहीत, परंतु स्थानिक आवाज जिवंत ठेवू शकतात.

अमेरिकेच्या अनुभवातून निघणारा निष्कर्ष खाजगी मालकीच्या विरोधातील नाही. तेथील स्थानिक नभोवाणी कित्येक दशके खाजगी मालकीतच बहरली. मात्र मालकीवरील मर्यादा आणि स्थानिक निर्मितीची अट, हे दोन्ही आधार एकापाठोपाठ काढून घेतले, तर परवान्यावर गावाचे नाव राहते आणि गाव मात्र कार्यक्रमातून नाहीसे होते. नव्या शहरांत वाहिन्या सुरू होत असताना लिलावाच्या रकमेइतकेच लक्ष या दुसऱ्या अटीकडे देणे म्हणूनच अगत्याचे आहे.