निखळलेला दात पुन्हा रुजू शकतो
खेळताना पडल्याने किंवा दुचाकीच्या अपघातात मुलांचा पुढचा दात कित्येकदा मुळासकट निखळतो आणि निरुपयोगी समजून टाकून दिला जातो. वस्तुतः कायमचा दात पुन्हा रुजू शकतो. मात्र मुळावरील नाजूक पेशी कोरड्या राहिल्यास तासाभरात मरतात. म्हणूनच कागदात गुंडाळून आणलेला दात बहुधा वाया जातो. मुळाला स्पर्श न करता दात उचलावा, दुधाने हलकेच धुऊन लगेच खोबणीत बसवावा. ते न जमल्यास थंड दुधात ठेवून तत्काळ दंतवैद्य गाठावा. साध्या पाण्यात ठेवू नये. त्यात पेशी फुगून फुटतात. दंतवैद्य तो दात शेजारच्या दातांना लवचीक तारेने सुमारे २ आठवडे जखडून ठेवतात. दुधाचा दात मात्र पुन्हा बसवू नये. त्यामुळे आतील कायमच्या दाताच्या अंकुराला इजा पोहोचू शकते.